‘द कॅट’, यारमथ ते बार हार्बर: बोट नौदलाची, तिकीट आपलं

ज्यांना फक्त तिकीट काढायचं की नाही एवढंच ठरवायचंय, त्यांना आधीच सांगून टाकते. काढा. जुलै-ऑगस्टात काढा, वाऱ्याचा अंदाज बघून काढा, आणि बसायला जागा मधली, जरा मागच्या अंगाची धरा. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या नैर्ऋत्य टोकाला यारमथ नावाचं बंदर आहे. तिथून पलीकडे, अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बरला ही बोट तुम्हाला गाडीसकट साडेतीन तासांत नेऊन सोडते. रस्त्याने जायचं म्हटलं तर अख्ख्या फंडीच्या उपसागराला वळसा, हजाराच्या वर किलोमीटर, आणि लहान मूल बरोबर असेल तर वाटेत एक मुक्काम ठरलेला. सप्टेंबर उलटल्यावर जाणार असाल तर मात्र आपल्या पोटाचा स्वभाव ठाऊक असलेला बरा.

ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचा, कारण ही साधी फेरी नव्हे.

माझी नोकरी माझगावच्या गोदीत, ड्रॉइंग ऑफिसात झाली. सुरुवात ट्रेसिंग पेपर आणि रोट्रिंगच्या पेनाने, शेवट कॉम्प्युटरवर. फ्रेम, ब्रॅकेट, पाइपांची वळणं हेच काढण्यात माझी वर्षं गेली. त्यामुळे बोटीत चढल्यावर बाकीचे खिडकीबाहेर बघतात आणि मी छताकडे. निवृत्तीनंतर उन्हाळ्यात हॅलिफॅक्सला लेकीकडे येते. यंदा बार हार्बरजवळच्या अकेडिया नॅशनल पार्कला जायचं ठरलं. जावयांनी फोनवर बोटीचा फोटो दाखवला आणि सहज म्हणाले, “आई, ही बोट अमेरिकन नेव्हीच्या मालकीची आहे म्हणे.” झालं, अकेडिया राहिलं बाजूला.

खरंच आहे ते. नौदलाच्या दप्तरी हिचा नंबर एचएसटी-२, म्हणजे हाय स्पीड ट्रान्सपोर्ट क्रमांक दोन. बे फेरीज ही कॅनडाची कंपनी ती भाड्याने चालवते. झेंडा अमेरिकन, खलाशी अमेरिकन, आणि चालवायला पैसे नोव्हा स्कोशियाच्या सरकारचे. एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्याला पर्यटक नेणारी बोट एवढी उस्तवार करून उभी आहे, याची कथा तिकिटापेक्षा जास्त रंगतदार आहे.

हिचा जन्म २००७ चा, अलाबामातल्या मोबील शहरात, ऑस्टल कंपनीच्या गोदीत. मूळ नाव अलाकाई. हवाई बेटांमध्ये गाड्या आणि माणसं नेण्यासाठी हवाई सुपरफेरी नावाच्या कंपनीने ती बांधून घेतली. लांबी १०६ मीटर, पूर्ण अॅल्युमिनियमची, दोन अरुंद बुडांची, ८६६ माणसं आणि २८२ गाड्या नेणारी. ऑगस्ट २००७ मध्ये ५ डॉलरचं तिकीट लावून घाईघाईने पहिल्या फेऱ्या सुरू केल्या. पर्यावरणाचा अभ्यास आधी करायला हवा होता असं हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने नुकतंच म्हटलं होतं, तरीही. काउवाई बेटावरच्या नाविलीविली बंदरात लोक सर्फबोर्ड आणि छोट्या होड्या घेऊन पाण्यात उतरले आणि त्यांनी बोटीची वाट अडवली. देवमाशांच्या पट्ट्यातून इतक्या वेगाने बोट नेणार, बेटांवर गाड्यांची गर्दी करणार, ही त्यांची तक्रार. आणखी एक संशय होता, की हे सगळं सैन्यासाठी चाललंय. कंपनीत पैसे घालणाऱ्यांत माजी नौदलमंत्री जॉन लेहमन होते, तेव्हा संशयाला जागाही होती. हवाईच्या सरकारने खास कायदा करून बोट चालवून बघितली. मार्च २००९ मध्ये न्यायालयाने तो कायदाही रद्द केला, आणि कंपनी बुडाली. हिची धाकटी बहीण हुआकाई तोवर बांधून तयार झाली होती. ती हवाईत एक दिवसही कामाला लागली नाही.

कर्जाला अमेरिकेच्या केंद्र सरकारची हमी होती, त्यामुळे दोन्ही बोटी सरकारच्याच गळ्यात आल्या. २०१० मध्ये लिलावात सरकारी खात्याने त्या प्रत्येकी २.५ कोटी डॉलरला घेतल्या आणि २०१२ मध्ये नौदलाकडे दिल्या. हुआकाईचं नाव झालं गुआम, ती जपानमधल्या ओकिनावातल्या अमेरिकन मरीन सैनिकांच्या दिमतीला गेली. अलाकाईचं नाव झालं प्वेर्तो रिको, आणि तिला काम काही मिळेना. पुढे ते नाव काढून एका नव्या जहाजाला दिलं. २०१६ पासून ती ‘द कॅट’ आहे. सुरुवातीला मेनमधल्याच पोर्टलंडला जायची, आता बार हार्बरला जाते. सैन्यासाठी असल्याचा आरोप होऊन बंद पडलेली बोट शेवटी खरंच नौदलाची झाली आणि नौदलाकडून पुन्हा फेरीवर आली. गोदीत असताना अशा उलथापालथी मी पाहिल्या आहेत, पण त्या कागदावरच्या. इथे मी त्यात बसून प्रवास केला.

आता प्रत्यक्ष. यारमथहून बोट सकाळी साडेनऊला सुटते. हॅलिफॅक्सहून यारमथ तीनशेच्या आसपास किलोमीटर, म्हणून आदल्या रात्री तिथेच राहिलो. (तिथल्या मुक्कामाच्या जागेचं नाव घेत नाही, चहाची किटली मागितली तर त्यांनी कॉफीच्याच मशीनमधून गरम पाणी काढून दिलं, आणि त्या चहाला कॉफीचा वास होता. असो.) सकाळी धुकं. यारमथचं उन्हाळी धुकं प्रसिद्धच आहे. धक्क्यावर उभी असलेली बोट आधी दिसलीच नाही, नुसता इंजिनाचा घुमारा. मग हळूहळू वरचा पांढरा भाग दिसला आणि मग खालची दोन बुडं, मध्ये भलामोठा बोगदा. नातू म्हणाला, “आजी, मधे भोक का ठेवलंय?” प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. पाण्याला जेवढं अंग कमी लागेल तेवढा अडथळा कमी. एका जाड बुडाऐवजी दोन सडपातळ बुडं, एकमेकांपासून लांब. कलंडायची भीती नाही, आणि वरती सपाट ऐसपैस जागा मिळते. त्या जागेवरच सगळा डाव आहे.

गाडी घेऊन आत शिरताना मी काच खाली केली. जावई जरा वैतागले, मागे रांग होती. पण मला छत बघायचं होतं. पोलादी जहाजात गाड्यांच्या मजल्यावर मध्ये मध्ये खांब असतात, जाड, रंगाचे थरावर थर चढलेले. इथे मोकळं मैदान. वरच्या तुळया जवळजवळ, उथळ, हलक्या. अॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या एक तृतीयांश. पण ताठपणाही एक तृतीयांशच. म्हणून पत्रा जाड घ्यावा लागतो आणि त्याला आधाराच्या पट्ट्या दाट लावाव्या लागतात. वेल्डिंग केलं की त्या जोडालगतची धातू मऊ पडते, तिचा जोर कमी होतो. आणि सतत हलणाऱ्या, आपटणाऱ्या वस्तूत अशा जागीच केसासारखी बारीक चीर सुरू होते. एका ब्रॅकेटच्या टोकाला पत्रा गोलाई देऊन कापला होता, कोपरा ठेवला नव्हता. कोणीतरी ड्रॉइंग बोर्डावर बसून त्या गोलाईची त्रिज्या ठरवली असणार. मला त्या अनोळखी माणसाचं कौतुक वाटलं. शेजारी नवीन जोडाची पट्टी दिसली, रंग थोडा निराळा, म्हणजे दुरुस्ती झालेली. अॅल्युमिनियमच्या बोटीचं आयुष्य असंच असतं: चीर शोधायची, खरवडायची, भरायची, पुन्हा शोधायची. दुरुस्ती दिसली म्हणून घाबरू नका. दुरुस्ती दिसली नसती तर मी घाबरले असते.

गाडी लावली की वर जावं लागतं. प्रवासात खाली येता येत नाही, तेव्हा स्वेटर, औषधं, मुलांचा खाऊ आधीच काढून घ्या. वरचा मजला विमानतळाच्या हॉलसारखा सपाट आणि प्रशस्त. टेबलाभोवतीच्या जागा आहेत, मागे रेलता येतं अशा खुर्च्या आहेत, कॅफे आहे, लहान मुलांना खेळायला कोपरा आहे. कुत्र्यांसाठी वेगळी सोय आहे, त्यावर आमच्या नातवाने बराच वेळ घालवला. सगळे लोक धावत पुढच्या मोठ्या काचांपाशी जागा धरतात. धरू द्या. त्या जागेची किंमत समुद्र वर आला की कळते.

बोट धक्क्यापासून सुटते ते बघण्यासारखं आहे, ते चुकवू नका. मागच्या उघड्या डेकवर जा. तिथे पंखा, म्हणजे प्रोपेलर, नाहीच, सुकाणूही नाही. बुडाखालच्या तोंडातून पाणी आत ओढायचं, आतल्या पात्यांनी दाबायचं आणि मागच्या नळ्यांतून झोतासारखं बाहेर फेकायचं. चार इंजिनं, चार झोत, मिळून सुमारे ४४,००० अश्वशक्ती. वळायचं तर नळ्याच वळतात. मागे जायचं तर झोतापुढे एक बादलीवजा झाकण येतं आणि पाणी उलट दिशेने फिरतं. त्यामुळे एवढी मोठी बोट टगबोट न लावता आडवी सरकते. भाऊच्या धक्क्यावर मांडव्याची रो-रो लागताना आणि सुटताना मी कितीदा पाहिली आहे, तीही सुबक काम करते. पण हे आडवं सरकणं पाहून माझ्या तोंडून ‘अगंबाई’ निघालं. खाली काही लोंबत नसल्याचा दुसरा फायदा असा, की बोट पाण्यात जेमतेम पावणेचार मीटर खोल जाते. मोठं बंदर नसलं तरी चालतं.

नौदलाला या बोटी आवडल्या त्या याच गोष्टीसाठी. मुळात सैनिकांना वेगाने उतरवायची जहाजं ही नवी कल्पना नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी पहिल्या युद्धातल्या जुन्या विनाशिका घेतल्या, त्यांचे पुढचे दोन बॉयलर काढून टाकले आणि रिकाम्या जागेत सैनिक भरले. वेग थोडा गेला, माणसं मात्र मिळाली. अॅल्युमिनियमच्या दुबुडी फेरीबोटीची गोष्ट १९९९ ची. पूर्व तिमोरमध्ये दंगली झाल्या तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने टास्मानियातल्या इनकॅट कंपनीची एक तयार फेरीबोट भाड्याने घेतली, तिला राखाडी रंग दिला आणि जर्विस बे म्हणून डार्विन ते डिली अशी पळवली. ४३० सागरी मैल, अकरा तासांच्या आसपास. दोनेक वर्षांत १०७ फेऱ्या आणि सुमारे २०,००० माणसं. सैनिक, त्यांच्या गाड्या, पाणी, औषधं, सगळं एका खेपेत आणि एकाच धक्क्यावर. विमानाने माणसं लवकर जातात पण गाड्या मागे राहतात. मालवाहू जहाजात गाड्या जातात पण माणसं वाट बघत बसतात. इथे माणूस आणि त्याची गाडी बरोबर उतरतात. बार हार्बरला आम्ही रॅम्पवरून थेट रस्त्याला लागलो तेव्हा हे मला फारच नीट पटलं.

ते बघून अमेरिकनांनी इनकॅटच्या बोटी भाड्याने आणून तपासल्या, आणि मग स्वतःच्या बांधायच्या ठरवल्या. ते काम मिळालं ऑस्टलला, त्याच मोबीलच्या गोदीत, जिथे अलाकाई घडली. स्पिअरहेड ही पहिली, २०१२ च्या डिसेंबरात नौदलाला मिळाली. मागून युमा, ट्रेंटन, ब्रन्सविक, कार्सन सिटी वगैरे डझनावर आल्या. १०३ मीटर लांब, ३१२ सैनिकांना खुर्च्या, ६०० टन माल घेऊन ३५ नॉटच्या वेगाने १,२०० सागरी मैल. ३५ नॉट म्हणजे ताशी ६५ किलोमीटर. रस्त्यावर काहीच नाही, पण समुद्रात डोंगर पळवल्यासारखं आहे. चालवायला नागरी खलाशी, तेही मूळ आखणीत जेमतेम २६. आमची ‘कॅट’ म्हणजे या सगळ्यांची थोरली बहीण, जिने आधी नोकरी केली आणि मग धाकट्यांना वाट दाखवली.

जाताना समुद्र सपाट होता. धुकं तासाभरात विरलं. जावयांनी फोनवर वेग बघितला, साठच्या वर किलोमीटर. कपातला चहा हलत नव्हता. मागे पाण्याची दोन पांढरी लांबलचक शेतं उमटत होती. नातवाने बिस्किटं संपवली, लेक झोपली, मी जिन्याचे कठडे आणि छताचे जोड बघत फिरले. खाली इंजिनांची थरथर पायाला जाणवते, पण बोलायला आवाज चढवावा लागत नाही. बार हार्बरजवळ फ्रेंचमन बेमध्ये लॉबस्टरच्या सापळ्यांचे रंगीत तरंगते गोळे पसरलेले दिसतात, तिथे बोट हळू झाली आणि समोर कॅडिलॅकचा डोंगर आला. घड्याळ तासाने मागे करायचं असतं. इथे बारा वाजलेले असतात. या प्रवासाला मी काहीही नावं ठेवणार नाही.

परतीची गोष्ट निराळी. दुपारी तीनला निघालो तेव्हा दक्षिणेकडून वारा सुटला होता. आखातात आल्यावर लाटा फार उंच नव्हत्या, पण लांबट आणि तिरक्या येत होत्या. दुबुडी बोट पोलादी जहाजासारखी आरामात डावी-उजवीकडे झुलत नाही. एका बुडाखाली लाट येते, मग दुसऱ्याखाली, आणि त्याच वेळी नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उचलली जाते. सुपात धान्य पाखडतात ना, वर उडवणं आणि त्यातच एक मनगटाचा पीळ, अगदी तसं. मोठ्या जहाजाच्या झोक्याची शरीराला सवय होते, या पिळाची होत नाही, कारण तो नेमाने येत नाही. जावई आधी गप्प झाले. मग त्यांनी डोळे मिटले. मग पिशवी. पुढच्या काचांपाशी बसलेली मंडळी एकेक करून मागे यायला लागली. मी आलेपाकाची डबी नेली होती, ती आसपासच्या तीन-चार अनोळखी लोकांत फिरली, आणि एका आजोबांनी तर रेसिपी विचारली. नातवाला काहीच झालं नाही. मुलांचं पोट म्हणजे एक कोडंच आहे.

मध्येच पायाखालची थरथर बदलली. कप्तानाने वेग उतरवला होता. शेजारची बाई पुटपुटली, “फास्ट फेरी म्हणे!” तिला समजवायची इच्छा झाली, पण तिची अवस्था बघून गप्प बसले. ते इथे सांगते, कारण या बोटीबद्दल सांगण्यासारखं मुख्य हेच आहे.

नौदलाच्या स्पिअरहेड जातीच्या बोटींबद्दल पेंटागॉनच्या, म्हणजे अमेरिकन संरक्षण खात्याच्या, चाचणी विभागाने अहवाल दिला, तो जाहीर आहे. त्यात म्हटलंय की पूर्ण वेग हवा असेल तर लाटा सव्वा मीटरच्या आत हव्यात. लाटा अडीच मीटरपर्यंत गेल्या तर १५ नॉटवर यायचं. चार मीटरपर्यंत गेल्या तर ५ नॉट, म्हणजे बंदरातल्या होडीसारखं. त्याच्यावर गेल्या तर नुसतं जागा धरून थांबायचं आणि समुद्र शांत होण्याची वाट बघायची. का? तर बांधताना वजन वाचवण्यासाठी नाळेच्या वरच्या भागाच्या मजबुतीत तडजोड झाली होती, आणि उंच लाटा तिथे आपटून नुकसान झालं. पहिल्या चार बोटींच्या नाळा मजबूत करायला सुमारे २४ लाख डॉलर लागले.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या ऑफिसातला वजनाचा तक्ता आठवला. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात त्या भागाचं वजन लिहायचं, आणि वजनवाले साहेब ते घेऊन यायचे आणि म्हणायचे, ‘बाई, इथून दोन मिलिमीटर कमी होतील का?’ पोलादात ते भांडण किलोंचं असतं, निभून जातं. अॅल्युमिनियमच्या जलद बोटीत ते जीवावरचं असतं. पत्रा जाड केला की बोट खाली बसते, खाली बसली की वेग जातो, वेग गेला की बोट घेतली कशाला असं गिऱ्हाईक विचारतं. पत्रा पातळ ठेवला की लाट विचारते. ‘कॅट’चे नेमके आकडे या अहवालातले नाहीत, तिची घडण थोडी निराळी आहे, पण घराणं तेच. म्हणून वेग उतरवणारा कप्तान मला शहाणा वाटला. बोटीवर ३५ नॉट लिहिलेले असतात ते चांगल्या हवेतले.

युद्धाच्या दृष्टीनेही तेच. इनकॅटची स्विफ्ट नावाची बोट अमेरिकन नौदलाने बरीच वर्षं वापरली, कतरिना वादळातही ती मदतीला होती. पुढे ती संयुक्त अरब अमिरातीकडे गेली आणि १ ऑक्टोबर २०१६ ला येमेनजवळ हूथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र तिला लागलं. तरंगती राहिली, पण पुढचा भाग जळून काळा सांगाडा झाला. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि त्याच्या बरंच आधी त्यातला जीव जातो. म्हणून या बोटींना लढाईत घुसवायचं नसतं. मागच्या बंदरातून पुढच्या बंदरात सामान पोचवायचं, आणि निघून यायचं. फेरीचंच काम, फक्त रंग राखाडी.

नव्वदच्या दशकात मुंबई-पणजी अशी कॅटामरान चालायची, ते माझ्या पिढीला आठवत असेल. आमच्या ऑफिसात त्यावर वाद रंगायचे. कोकणी सहकारी जुन्या आगबोटीचं कौतुक करायचे, तरुण मुलं वेगाचं. पावसाळ्यात ती उभी असायची, आणि अरबी समुद्राच्या पावसाळ्यात तिने उभंच राहायला हवं होतं. इथेही साधारण मेपासून ऑक्टोबरपर्यंतच फेऱ्या असतात. हिवाळी अटलांटिकात ही बोट नेण्याचा विचार कोणी करत नाही, ते बरंच आहे.

पैशाचं बोलायला हवं. तिकीट स्वस्त नाही. चार माणसं आणि गाडी म्हटली की आकडा बघून भुवया वर जातात. पण रस्त्याचं पेट्रोल, मुक्काम, जेवणं आणि दोन गेलेले दिवस धरले तर हिशेब फार लांब राहत नाही. खरा खर्च तिकिटात दिसतच नाही. नोव्हा स्कोशियाचं सरकार दरवर्षी कोटीच्या वर डॉलर या सेवेत ओतते. बार हार्बरचा धक्का तयार नव्हता म्हणून २०१९ चा उन्हाळा गेला, मग महामारीचे दोन, अशी तीन वर्षं एकही प्रवासी न नेता पैसे मात्र जात राहिले. हॅलिफॅक्समध्ये यावर लोकांची दोन तटं आहेत. लेकीचे शेजारी म्हणतात हा उधळेपणा आहे. यारमथचा दुकानदार म्हणतो बोट बंद झाली की गाव बंद. २००९ नंतर काही वर्षं इथे बोट नव्हती तेव्हाचं तो सांगतो आणि त्याचा आवाज चढतो. मला दोघांचंही पटलं. माझ्या मते बोट मोठी आहे या मार्गासाठी. आमच्या फेरीला अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या आणि ४४,००० अश्वशक्तीचं तेल मात्र पूर्ण जळत होतं. मध्यम आकाराची, जरा हळू चालणारी बोट इथे शोभली असती. पण अशी बोट नौदलाकडे भाड्याने मिळत नव्हती.

घाई नसेल आणि पोट नाजूक असेल तर त्याच कंपनीची ‘फंडी रोज’ आहे, नोव्हा स्कोशियातल्याच डिग्बीहून उपसागरापलीकडे न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या सेंट जॉनला जाते. ती साधी, जड, पोलादी. तिच्यात चहा पिता येतो. पण मग पुढे मेनपर्यंत गाडी चालवावी लागते.

जाणाऱ्यांसाठी थोडं. बार हार्बरला उतरल्यावर अमेरिकेचं इमिग्रेशन, परतताना यारमथला कॅनडाचं. भारतीय पासपोर्टवर दोन्हीकडचे व्हिसा हवेत. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल तर कॅनडाचा लागत नाही. माझ्यासारखे आई-वडील बरोबर असतील तर त्यांच्या कॅनडाच्या व्हिसावर परत आत येता येतं ना, ते निघायच्या आधी तपासा. ताजी फळं नेऊ नका, विचारतात आणि काढून घेतात. धपाटे आणि चटणी विचारून आत सोडली. उलटीची गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्यायची असते, समुद्र दिसल्यावर नव्हे. जाडसर जाकीट हातात ठेवा, जुलैतही मागच्या डेकवर वारा झोंबतो. आणि गाडीच्या टपावर सायकली किंवा सामानाची पेटी बांधली असेल तर बुकिंग करतानाच उंची मोजून सांगा.